पंचावन्न मिनिटांत वापस

बुधवार, १२ नोव्हेंबर १९८६

पहाटे साडेतीनला घरून निघाले. संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी घरी. हैदराबाद पाहिलं नाही. विमान वाटेतून परत फिरलं.

उद्या लिहीन.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

नीट क्रमानं लिहिते. कालपासून अकरा जणांना सांगून झालं आणि अकराही जणांनी आपापलं वेगळंच ऐकलं. निदान एका ठिकाणी तरी बरोबर नोंद असावी.

हैदराबादच्या कंपनीचं नेमणुकीचं पत्र २२ ऑक्टोबरला निघालं. माझ्या हातात पडलं ७ नोव्हेंबरला. पाकिटावर पांढरकवड्याचा शिक्का! कुणीतरी पत्त्यातल्या 'पांढुर्णा'मधलं 'पांढ' एवढंच वाचलं आणि थैलीत टाकून दिलं. हजर व्हायची तारीख १४. दिवाळीची गर्दी, महिनाअखेरपर्यंत रेल्वेचं रिझर्वेशन नाही. बाबूजी म्हणाले, "बिना रिझर्वेशनची पोरगी एकटी रात्रभर गाडीत उभी राहणार नाही." मग विमान. विमानात सीट नक्की असते आणि वाढायला-बोलायला बाया असतात, हे आईला पटवण्याचं कारण. त्यामुळे गल्लीत पाच दिवस एकच विषय — रघुनाथ मास्तरांची उर्मी विमानात बसणार.

नोकरीविषयी कुणी विचारत नाही. सौंसरच्या कारखान्यात तीन वर्षं मी प्रेशरचे काटे तपासते. बॉयलरवर, कॉम्प्रेसरवर जे गोल काटे असतात ते खरं दाखवतात की नाही, ते पाहायचं. पद्धत सोपी आहे. संशयित काट्याशेजारी, त्याच नळीवर, मास्टर गेज, म्हणजे खात्रीचा काटा, लावायचा. बोलायचं काही नाही. दोघांवर सारखाच दाब द्यायचा आणि थांबायचं. खोटा काटा आपोआप उघडा पडतो. हैदराबादला याच कामाची मोठी प्रयोगशाळा आहे. एक जागा, एकशे चाळीस अर्ज. ती मला मिळाली आहे आणि ती मला हवी आहे. किती हवी आहे ते घरात कुणाला सांगितलेलं नाही.

काल पहाटे उंबऱ्यावर हातावर दही-साखर. मी म्हटलं, "जाते." आईनं माझ्या तोंडावर हातच ठेवला. "जाते काय म्हणतं वं! येते म्हण." मी म्हटलं, हैदराबादला जाते आहे, तर जातेच म्हणणार ना? ती हात काढेना. मग म्हटलं — येते. दाराबाहेर नळावर देवकाबाई बादली भरत होत्या. त्यांनी विचारलं, "कोणीकडं निघाली स्वारी?" पाच दिवस यांच्याच ओट्यावर चर्चा चालली आहे आणि विचारतात कोणीकडं!

बाबूजी नागपूरपर्यंत सोबत आले. विमानतळाच्या दारात बॅग माझ्या हातात दिली. "माझी गाडी आहे," म्हणाले आणि वळले. आठ वाजायला दहा मिनिटं. मराठीचे शिक्षक, पण स्वतःची वाक्यं दिवसाला वीसच्या वर जात नाहीत.

आठ बावन्नला विमान उडालं. माझी खिडकी डावीकडची. शेजारी सौंसरचे गुणवंतराव, संत्र्याचे व्यापारी, मांडीवर संत्र्यांची करंडी. पट्टा बांधतानाही ती सोडली नाही. गाव विचारून झालं, घराणं विचारून झालं, आमच्या आत्याची ओळख निघाली. मग झोपले.

विमान दक्षिणेला जात होतं, सकाळ होती, म्हणून ऊन माझ्या मांडीवर होतं. नऊ वाजून सतरा मिनिटांनी ते सरकायला लागलं. गुडघ्यावरून गेलं, मधल्या वाटेवर गेलं, मग पलीकडच्या रांगेतल्या एका गृहस्थांच्या टकलावर जाऊन थांबलं. पंख नंतर सरळ झाला. म्हणजे तोंड उत्तरेला. घोषणा झाली ती त्यानंतर चार मिनिटांनी. ती चार मिनिटं विमानात फक्त मला माहीत होतं.

"तकनीकी कारणों से." बस्, एवढंच.

गुणवंतराव जागे झाले. "बाई, काय होऊन राहिलं? हे तं वापस चाललं!" मी म्हटलं, हो. "तुम्ही मशीनीतल्या आहा ना, सांगा बरं, पडते का?" मी म्हटलं, पडायचं असतं तर घोषणा केली नसती. हे उत्तर त्यांना काही आवडलं नाही. डोळे मिटून मारुतीचं नाव घेऊ लागले आणि मधूनच एक डोळा उघडून करंडी चाचपू लागले.

उतरताना धावपट्टीच्या कडेनं दोन लाल गाड्या आमच्याबरोबर धावत होत्या. नऊ सत्तेचाळीसला टेकलं. एकूण पंचावन्न मिनिटं.

पुढचे चार तास मात्र लिहायच्या लायकीचे नाहीत. "एक घंटा." एका तासानं पुन्हा "एक घंटा." मी काउंटरवर गेले. काय बिघडलं आहे? "टेक्निकल प्रॉब्लेम है, मॅडम." कोणता? हायड्रॉलिक की इंजिन? त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या वेणीकडे. "टेक्निकल है मॅडम, आप नहीं समझेंगी." ! ! मी तीन वर्षं दुसरं काही समजून घेतलेलं नाही! शेवटी तेलकट हातांचा एक मेकॅनिक चहा प्यायला आला. त्यानं सरळ सांगितलं — हायड्रॉलिकचा दाब कमी दाखवत होता. आभार मानले. दिवसभरात हे एकच वाक्य कामाचं.

उद्याचं काही नक्की नाही असं कळलं, म्हणून दोनच्या सुमारास स्टेशन गाठलं आणि गाडीनं घरी आले.

बाबूजी माझ्यानंतर आले. साडेआठला! सकाळची गाडी चुकली म्हणाले. दिवसातून तीन गाड्या कशा चुकतात ते विचारलं नाही. मी ओसरीत बसलेली पाहून त्यांनी चप्पल काढली, पिशवी खुंटीला लावली आणि म्हणाले, "जेवलीस?"

बाकी काही नाही. मी का परत आले हेसुद्धा नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज हजर व्हायचा दिवस.

काल सकाळीच हैदराबादला तार केली होती. विमान परतलं, तांत्रिक बिघाड, मुदत वाढवावी. पोस्टातले विजयबाबू तार वाचून मोठ्यानं म्हणाले, "विमान वापस? मंजे तुम्ही बी वापस?" रांगेत सात माणसं. झालं! आज भाजीवालीनं विचारलं, "काऊन वापस आली व माय? काही झालं का तिथं?"

आमच्याकडे पोरगी वापस आली याचा अर्थ एकच होतो, आणि त्यासाठी आधी लग्न व्हावं लागतं. माझं झालेलं नाही. तरी अर्थ तोच.

घरात चौकशी समिती बसली आहे. विमान कुणामुळे फिरलं? पहिला संशय देवकाबाईंवर, कारण निघणाऱ्याला कुठं म्हणून विचारू नये. देवकाबाई आज स्वतः येऊन बचाव करून गेल्या. "मी 'कोणीकडं' म्हणलं! 'कुठं' म्हणलंच नाही! उर्मीलेच विचारा." मला साक्षीला बोलावलं. मी सांगितलं, शब्द 'कोणीकडं' असाच होता. त्या निर्दोष सुटल्या. आई मात्र म्हणते, अर्थ तोच ना.

हायड्रॉलिक म्हणजे काय ते मी सायकलच्या पंपाचं उदाहरण देऊन समजावलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग देवकाबाई म्हणाल्या, "तेच तं. टोकलं की असं होते."

शनिवार, १५ नोव्हेंबर

जामसांवलीच्या मारुतीला जाऊन आले. आईला नवस फेडायचा होता. कसला, ते बसमध्ये सांगेना. शनिवारची गर्दी, रांगेत सव्वा तास, माझ्या हातात नारळ.

आडव्या पहुडलेल्या मारुतीसमोर नारळ ठेवल्यावर विचारलं, आता तरी सांग, काय बोलली होतीस?

"तू गेली त्या पहाटे बोलली. माझी उर्मी सुखरूप वापस येऊ दे."

"कधी?"

"कधी मंजे?"

"वर्षानं? दिवाळीला? सुट्टीत?"

"असं कोणी मारुतीले तारीख घालून देते का?"

मी देवळाच्या आवारात हसले. मला आवरेना. आईनं दंडाला चिमटा काढला. पण ही चूक खरंच साधी आहे. मागणी अपुरी लिहिली की माल तसाच येतो. वेळ सांगितली नाही, त्यानं पंचावन्न मिनिटांत काम केलं. निजलेला असून इतकी घाई!

परतीच्या बसमध्ये आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिगाव-पांढुर्ण्यापलीकडचं तिनं फारसं काही पाहिलेलं नाही. मग म्हणाली, "दुसरं काय मागू, तूच सांग."

रविवार, १६ नोव्हेंबर

कपडे बॅगेतच आहेत. लागेल तसे एकेक काढते. आई विचारते, बॅग रिकामी करू का. नको म्हटलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

तार आली. २४ तारखेला सकाळी दहापर्यंत हजर व्हा. न झाल्यास जागा पुढच्या उमेदवाराला. म्हणजे सात दिवस.

तारेमागोमाग सौंसरहून केसर आत्या आली. तिला तिथं कुणी सांगितलं की रघुनाथरावांची पोरगी नोकरीवरून काढून टाकली आणि वापस पाठवली. ती मला धीर द्यायला आली होती! तार दाखवली. वाचली, घडी घालून आपल्याच कमरेच्या पिशवीत ठेवली. परत मागावी लागली.

मग उंबऱ्याची हकिगत आईकडून ऐकून घेतली आणि निकाल दिला — "पोट्टीनं पह्यले 'जाते' म्हणलं, मग 'येते' म्हणलं. विमानाले समजलंच नाही काय करा तं!" सगळे हसले. बाबूजीसुद्धा. मीही हसले असते, पण पुढचं वाक्य लगेच आलं. सौंसरच्या बँकेतला हेमंत. घर आपल्या माणसांचं, संत्र्याची बाग, मुलगा निर्व्यसनी. "वापस आलीच आहे तं पाहून घे ना. तुह्या नशिबातच गावातलं घर लिहिलेलं दिसते."

येत्या रविवारी पाहायला येतात म्हणे. येता रविवार म्हणजे २३. सोमवारी सकाळी दहाला हैदराबादेत उभं राहायचं तर निघायचा दिवस तोच.

आईनं फडताळातल्या चांगल्या कपबश्या खाली काढल्या. म्हणजे तिचं ठरलं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

नागपूरच्या विमान कार्यालयाला ट्रंक कॉल. नोंदवला सकाळी दहा पाचला, लागला एक चाळीसला. तीन तास पस्तीस मिनिटं पोस्टाच्या बाकावर. पलीकडे पाच वेळा "हॅलो." मग "होल्ड कीजिए." मग शांतता. मग लाइन गेली! विजयबाबू हळहळले, "आजकाल मशीनीचा भरवसाच नाही पहा." यांच्या टेलिफोनच्या तारेवर कावळे झोका घेतात!

पुन्हा नोंदवला. चार वाजता लागला. रविवार २३ची एक सीट आहे. बदलून दिली. तिकीट तेच.

घरी सांगितलं. आई भाकरी थापत होती. तिनं थापलेली भाकरी मोडली आणि पुन्हा गोळा केला.

बाबूजी वर्तमानपत्र वाचत होते. वाचतच राहिले. मी थांबले होते, एक वाक्य तरी बोलतील म्हणून. बारा तारखेला परत आल्यापासून असंच आहे. त्यांना मी जायला नको असेल तर तसं म्हणावं. त्यांचं गप्प राहणं मला वाचता येत नाही, आणि जे वाचता येत नाही त्याचा मला राग येतो.

बुधवार, १९ नोव्हेंबर

देवकाबाई: "पुन्हा विमानातच? हिंमत हाये बाप्पा पोट्टीची!"



गुरुवार, २० नोव्हेंबर

आईशी पहिल्यांदा सरळ बोलणं झालं. म्हणजे भांडण.

ती म्हणाली, एकदा मारुतीनं हाताला धरून वापस आणलं, पुन्हा त्याची परीक्षा पाहायची का? मी म्हटलं, मारुतीनं आणलं नाही, पायलटनं आणलं. तेही नियमाप्रमाणे. दाब कमी दाखवला की फिरायचं असतं. ती म्हणाली, "अन् तू? तू कोण्या नियमानं आली?"

मी म्हटलं, विमानच नव्हतं तर काय करणार होते?

हे म्हणताना बाबूजी दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आत जाऊन चष्मा शोधायला लागले. चष्मा डोळ्यांवर होता.

रविवारी सकाळी नऊला पाहुणे येतील, असा निरोप आत्यानं देऊनही टाकला आहे. माझी पहाटेची गाडी चारला. आई म्हणते, रविवार आला की पाहू. मी म्हणते, पाहायचं काय आहे त्यात. पण रात्री बॅगेतून आणखी एक साडी काढली. लागत नव्हती. काढली.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आज दुपारी आत्या पुन्हा आली. बरोबर गुणवंतराव! काखेत संत्र्यांची करंडी. हैदराबादहून परवा आले. आत्यानं त्यांना हेमंतच्या घरची चांगली माहिती सांगायला म्हणून आणलं होतं.

त्यांनी मला पाहिलं आणि ओसरीतूनच ओरडले, "अरे! या बाई तं इथंच हायेत! आम्ही दुसऱ्या दिवशी तुमची वाट पाहिली ना! विमान सकाळी सातला बराबर उडालं. बाजूची सीट खालीच. मी म्हणलं, बाई झोपल्या वाटते हॉटेलात."

आई पाण्याचा तांब्या घेऊन येत होती. थांबली.

आत्या: "दुसऱ्या दिवशी विमान होतं?"

"होतं मंजे! दीड वाजता सगळ्याइले सांगतलं त्यानं, हिंदीत अन् इंग्रजीत. दोन वाजता मोटर आली. हॉटेलात गाद्या अशा की मले झोपच नाही आली. अन् गंमत सांगू? विमानाले काहीच झालं नव्हतं! पायलट म्हणे तेल बराबर, दाब बराबर. ते दाखवायचं घड्याळच बिघडलं होतं!"

कुणीच हसलं नाही. गुणवंतरावांना वाटलं, आपलं काही चुकलं. त्यांनी करंडी पुढं सरकवली. "गोड हायेत. घ्या ना."

आई माझ्याकडे पाहत होती. रागानं नाही. मोठी चोरी पकडल्यावर उलट चोराचीच काळजी वाटावी तशी. आत्यानं हातावर हात ठेवला. "मंग तं झालंच. तिले जायचंच नव्हतं. रविवारी पाहुण्यांले येऊ द्या."

बाबूजींनी एक संत्र उचललं, सोललं, अर्धं गुणवंतरावांपुढे धरलं. "औंदा संत्र्याचा बार बरा आहे म्हणता?" त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

मी खोलीत आले. दार लावलं.

दुरुस्ती. १३ तारखेच्या नोंदीत 'उद्याचं काही नक्की नाही असं कळलं' असं लिहिलं आहे. ते चूक आहे. गुणवंतराव सांगतात ते बरोबर. दीड वाजता घोषणा झाली, मी काउंटरपासून तीन हातांवर उभी होते, दोन्ही भाषा मला येतात. बाकी सगळे बसकडे गेले. मी बॅग उचलून रिक्षात बसले.

आणखी एक दुरुस्ती. नऊ सतराला ऊन सरकलं ते लिहिलं. ती चार मिनिटं फक्त मला माहीत होतं, तेही लिहिलं. त्या चार मिनिटांत मला काय वाटलं ते गाळलं. भीती नंतर आली, लाल गाड्या दिसल्यावर. पण आधी, ऊन सरकत असताना, मला बरं वाटलं. घरी चालले. हैदराबाद राहिलं, आणि ते माझ्या हातानं नाही. विमानामुळे!

एकशे चाळीसांतून निवडलेली मी. काट्यांवर खरं-खोटं अशी चिठ्ठी लावणारी. आणि ज्या वहीत फक्त मीच वाचणार, तिथंही खोटं वाचन लिहिलं. नऊ दिवस देवकाबाईंवर, मारुतीवर, विजयबाबूंच्या टेलिफोनवर चिडत राहिले.

शनिवार, २२ नोव्हेंबर

सकाळी आईला सगळं सांगितलं. घोषणा ऐकली होती. घाबरले होते. खोटं बोलले. तिनं मध्ये एकदाही 'मी म्हणत नव्हते का' असं म्हटलं नाही.

मग विचारलं, "अन् आता?"

"आताही घाबरले आहे."

"मंग?"

"मग चारची गाडी आहे."

ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. शेवटी उठली आणि मी काढून ठेवलेल्या साड्या घडी घालून पुन्हा बॅगेत भरायला लागली. लोणच्याची बरणी मधोमध, साड्यांत गुंडाळून. म्हणाली, "मारुतीले आता बराबर सांगतलं. सुट्टी मिळाली की वापस येऊ दे. बराबर हाये ना?"

बरोबर आहे म्हटलं.

आत्याला निरोप पाठवला. ती रागावली आहे. तिनं रागावावंच. हेमंतचं नाव चार दिवस फुकट घेतलं गेलं.

संध्याकाळी बाबूजींनी त्यांचा जुना शब्दकोश आणून दिला. पाठीची शिवण उसवलेली, शाळेतल्या शाईचे डाग. "तिथं तेलुगू ऐकून ऐकून मराठी बिघडेल. असू दे." मला वाटलं, आता तरी कालच्या गोष्टीचं विचारतील. म्हणाले, "लवकर झोप."

रविवार, २३ नोव्हेंबर. पहाटे, गाडीत

दही-साखर. उंबऱ्यावर सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. नळाजवळ देवकाबाई हातात रिकामी बादली घेऊन उभ्या, आणि दुसऱ्या हातानं स्वतःचं तोंड दाबून धरलेलं! काही विचारलं जाऊ नये म्हणून.

आई म्हणाली, "म्हण."

येते म्हटलं.

रविवार, २३ नोव्हेंबर. ८.४०, विमानात

सीट तीच, खिडकी तीच. बाबूजींनी दारात बॅग दिली, "माझी गाडी आहे," म्हणाले, वळले.

आता शब्दकोश उघडला. पानांत खूण म्हणून गॅलरीची तिकिटं. सोडायला आलेल्यांना विमानं बघायची गच्ची असते, तिची. तीन आहेत. तारीख १२ नोव्हेंबर. जांभळ्या पेन्सिलीनं वेळ लिहिलेली: ८.०५, १०.०५, १२.०५. प्रत्येक तिकीट दोन तासांचं. म्हणजे दोन वाजून पाच मिनिटांपर्यंत.

लाल गाड्या त्यांनी पाहिल्या. मला विमानातून उतरताना पाहिलं. दुसऱ्या दिवशीचं सातचं विमान त्यांनाही कळलं असणार. खाली आले नाहीत. आले असते तर मी त्यांचं बोट धरून परत गेले असते, आणि बाबूजींनी आणलं असं आयुष्यभर सांगितलं असतं. मी एकटीच परत गेले. त्यांनी अकरा दिवस कुणाला सांगितलं नाही. मलाही नाही.

खिडकीतून गच्ची दिसते. कठड्याशी पांढरा सदरा. हात हलवत नाहीत. नुसते उभे आहेत.

पंखे फिरायला लागले.

बाबूजी, जाते.